मैदानावर जाऊन सामना कसा पाहावा?



'मी पाहिलेला क्रिकेटचा सामना' हा निबंध तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी लिहिला असेल. माझ्याकडेही दरवर्षी या निबंधाच्या वह्या तपासायला येतात. प्रत्येक वहीत शेवटच्या चेंडूवर षटकार बसतो, प्रेक्षक जल्लोष करतात आणि लेखक आनंदाने घरी परत येतो. एकदा मी वर्गात सहज विचारलं, "तुमच्यापैकी मैदानावर जाऊन सामना कोणी पाहिला आहे?" एकही हात वर आला नाही. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, तुम्ही पाहिलाय?"

मीही पाहिला नव्हता. म्हणजे स्वतः न पाहिलेल्या गोष्टीवर मी इतकी वर्षं निबंध मागत होतो आणि त्याला गुणही देत होतो. ही चूक सुधारायची संधी मला मार्च २०२३ मध्ये मिळाली. आजच्या पाठात आपण त्या दिवसाची माहिती घेऊ. मैदानावर जाऊन सामना पाहताना काय बघायचं, काय मोजायचं आणि काय शिकायचं, ते समजून घेऊ.

सामना कोणता होता?

२०२३ साली भारतात महिला प्रीमियर लीग, म्हणजे डब्ल्यूपीएल, ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. व्यावसायिक म्हणजे काय, तर जिथे खेळणं हेच खेळाडूचं काम असतं आणि त्या कामाचे पैसे मिळतात. मुंबई, दिल्ली, बंगळूर, गुजरात आणि यूपी असे पाच संघ होते. १३ फेब्रुवारी २०२३ ला मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला. त्यात सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला बंगळूरच्या संघाने ३ कोटी ४० लाख रुपयांना घेतलं. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती.

पहिल्या वर्षीचे सगळे सामने दोनच मैदानांवर झाले. एक नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आणि दुसरं चर्चगेटचं ब्रेबॉर्न स्टेडियम. मुलींना आणि महिलांना प्रवेश मोफत होता. आमच्या घरात एक मुलगी चौथीत, एक तिची वरच्या मजल्यावरची मैत्रीण आणि एक बायको. हिशोब केला तर तिकीट फक्त माझं एकट्याचं! मग ठरवलं, रविवार ५ मार्च, दुपारी साडेतीनचा सामना. दिल्ली कॅपिटल्स विरुद्ध रॉयल चॅलेंजर्स बंगळूर.

बायको म्हणाली, "अहो, उद्या होळी आहे. पुरणाची तयारी कोण करणार?" मी म्हटलं, "रात्री मी डाळ निवडून देतो." तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

प्रवास हाही पाठच

मित्रांनो, दापोडे कुठे आहे हे आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यातलं हे गाव. आज ते गोदामांसाठी ओळखलं जातं. तुम्ही मोबाईलवर मागवलेली वस्तू कदाचित आमच्या गावाजवळच्या एखाद्या गोदामातून तुमच्याकडे आली असेल. इथून चर्चगेट म्हणजे एका दिवसाचा बेत. मानकोली नाक्यापर्यंत रिक्षा, तिथून कंटेनरच्या रांगेमागून हळूहळू खारेगाव, साकेत पूल, माजिवडा करत ठाणे स्टेशन आणि मग सीएसएमटीची लोकल.

लोकलमध्ये मी मुलींना विचारलं, "भारतातली पहिली प्रवासी रेल्वे कुठून कुठे धावली?" दोघींनी एका सुरात उत्तर दिलं, "मुंबई ते ठाणे!" तारीखही सांगितली, १६ एप्रिल १८५३. मग मी म्हटलं, "आत्ता आपण कुठून कुठे चाललोय?" दोघी क्षणभर गप्प झाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. पुस्तकातला ३४ किलोमीटरचा तो मार्ग आपल्या पायाखाली आहे हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं होतं. पुढे भांडुप आलं. दिल्लीकडून खेळणारी जेमिमा रॉड्रिग्ज लहानपणी याच भांडुपमध्ये राहायची, हे सांगितल्यावर तर दोघींनी फलाट संपेपर्यंत मान वळवून पाहिलं.

सीएसएमटीला उतरून आम्ही चालत निघालो. वाटेत आझाद मैदान लागतं. एकाच मैदानात कितीतरी सामने चालू असतात आणि एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. याच मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्ये शाळकरी सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शील्ड स्पर्धेत ६६४ धावांची अखंड भागीदारी केली होती. मैत्रीण बराच वेळ मैदानाकडे बघत होती. मग म्हणाली, "काका, इथे सगळे मुलगेच खेळतायत." मी "हो" म्हणालो आणि पुढे चालू लागलो. तिचं वाक्य मात्र लक्षात राहिलं.

आत बाटल्या आणि डबे नेता येत नाहीत हे तिकिटाच्या सूचनांमध्ये आधीच वाचलं होतं. म्हणून घरून आणलेली चपाती-भाजी बाहेरच सावलीत बसून खाल्ली. तुम्हीही सूचना आधी वाचा, म्हणजे गेटवर फजिती होत नाही.

मैदानाची ओळख

ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ साली सुरू झालं. समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर ते उभं आहे. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं आहे. इथे साधारण वीस हजार प्रेक्षक बसतात. वानखेडे स्टेडियम १९७४-७५ च्या सुमारास झालं, त्याआधी मुंबईतले कसोटी सामने ब्रेबॉर्नवरच होत असत. २०१३ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामनाही याच मैदानावर झाला होता. त्यात ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडिजला हरवलं.

आता एक गंमत बघा. आमच्या सामन्यातला एक संघ दिल्लीचा, दुसरा बंगळूरचा आणि मैदान मुंबईचं. दोन्ही संघ पाहुणे! मग प्रेक्षक कोणाच्या बाजूने ओरडणार? स्मृती क्षेत्ररक्षण करत सीमारेषेजवळ आली की "स्मृती, स्मृती" असा आवाज उठायचा. जेमिमा आली की तिच्यासाठीही तितकाच. घरचा संघ नसला तरी घरचे खेळाडू होतेच की!

अमेरिकेत बेसबॉलची मोठी व्यावसायिक लीग आहे. तिथे ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ एका मोसमात १६२ सामने खेळतो. त्यातले निम्मे, म्हणजे ८१, घरच्या मैदानावर आणि बाकीचे दुसऱ्यांच्या गावात. आपल्या संघासाठी परगावच्या मैदानावर जाणं हा तिथल्या कुटुंबांचा सुट्टीतला बेत असतो. आपण जत्रेला जातो ना, तसंच काहीसं.

टीव्हीवर न दिसणाऱ्या गोष्टी

टीव्हीवर आपण काय बघायचं हे कॅमेरा ठरवतो. मैदानावर ते आपल्याला ठरवावं लागतं. पहिली पाच मिनिटं मुली गोंधळल्या. "पप्पा, चेंडू कुठे गेला?" हाच प्रश्न. टीव्हीवर चेंडू मोठा दिसतो, इथे तो लिंबाएवढाही दिसत नाही. मी सांगितलं, "चेंडूकडे बघू नका, क्षेत्ररक्षक कुठे धावतायत ते बघा. चेंडू आपोआप सापडेल." आणि खरंच सापडायला लागला.

आणखी तीन गोष्टी आम्ही शोधल्या.

१. आवाज उशिरा येतो. फलंदाजाची बॅट फिरलेली आधी दिसते आणि 'टक्' आवाज त्यानंतर येतो. प्रकाश जवळजवळ त्याच क्षणी पोहोचतो, पण आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आपण खेळपट्टीपासून ८५ मीटर लांब बसलो असू, तर आवाज पाव सेकंदाने येईल. विजेचा लखलखाट आधी आणि गडगडाट नंतर, तोच हा नियम.

२. क्षेत्ररचना सतत बदलते. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात टीव्हीवर जाहिरात किंवा रिप्ले असतो. मैदानावर त्या वेळात कर्णधार हाताच्या खुणेने खेळाडू हलवत असते. कोण दोन पावलं पुढे आलं, कोण मागे गेलं, हे बघत राहिलं की पुढचा चेंडू कसा पडेल याचा अंदाज बांधता येतो.

३. जे खेळत नाहीत तेही काम करतात. राखीव खेळाडू पाणी घेऊन धावतात, मैदानाचे कर्मचारी दोर सरळ करतात, पंच चेंडू हातात घेऊन तपासतात. बायकोने हे सगळ्यात आधी हेरलं. "सामना अकरा-अकराचा म्हणतात, पण राबतायत कितीतरी जास्त!"

धावफलकावरचं गणित

दिल्लीने आधी फलंदाजी केली. शफाली वर्माने ४५ चेंडूंत ८४ आणि कर्णधार मेग लॅनिंगने ४३ चेंडूंत ७२ धावा काढल्या. दोघींनी पहिल्या गड्यासाठी १६२ धावा जोडल्या. हेदर नाइटने दोघींना एकाच षटकात बाद केलं, तेव्हा आम्हाला वाटलं आता वेग कमी होईल. पण मारिझान कापने फक्त १७ चेंडूंत नाबाद ३९ आणि जेमिमाने १५ चेंडूंत नाबाद २२ धावा केल्या. दिल्लीच्या २० षटकांत २ बाद २२३ धावा झाल्या.

चला, उदाहरण सोडवू. चौघींच्या धावांची बेरीज करा : ८४ + ७२ + ३९ + २२ = २१७. मग २२३ कसे झाले? उरलेल्या ६ धावा अवांतर, म्हणजे कोणाच्याही बॅटमधून न आलेल्या.

बंगळूरला जिंकायला २२४ धावा हव्या होत्या. २२४ भागिले २० म्हणजे प्रत्येक षटकाला ११.२ धावा. स्मृतीने २३ चेंडूंत ३५ धावा करून सुरुवात चांगली केली, पण नंतर गडी पडत गेले. बंगळूरच्या ८ बाद १६३ धावा झाल्या, म्हणजे षटकाला ८.१५. दिल्ली ६० धावांनी जिंकली.

बंगळूरचे पाच गडी एकाच गोलंदाजाने बाद केले. तिचं नाव टॅरा नॉरिस. २९ धावांत ५ बळी, आणि या स्पर्धेच्या इतिहासात एका सामन्यात पाच बळी घेणारी ती पहिली. ती खेळते कोणत्या देशाकडून? अमेरिका! बेसबॉलच्या देशाची खेळाडू मुंबईत येऊन क्रिकेटमध्ये विक्रम करून गेली. स्पर्धेचा नियम असा होता की अकरा जणींत परदेशी खेळाडू चारच घ्यायच्या, पण पाचवी सहयोगी देशाची असेल तर चालेल. ज्या देशांना कसोटी सामने खेळण्याचा दर्जा नाही ते सहयोगी देश. त्या एका नियमामुळे तिला जागा मिळाली आणि मिळालेल्या जागेचं तिने सोनं केलं.

चेंडू कोण आणून देतं?

आता मित्रांनो, ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो.

शफालीने मारलेला एक चेंडू आमच्यापासून काही रांगा खाली येऊन पडला. एका काकूंनी तो उचलून मैदानात परत फेकला. मी मुलींना फरक सांगितला. बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत आलेला चेंडू प्रेक्षक घरी नेऊ शकतो, कारण तिथे सामन्यात सतत नवे चेंडू येतात. क्रिकेटमध्ये चेंडू परत द्यावा लागतो, कारण डाव त्याच चेंडूवर पुढे चालतो. तो जसजसा जुना होतो तसतसा खेळ बदलतो. महिलांच्या सामन्यातला चेंडू साधारण १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांच्या सामन्यात सुमारे १५६ ते १६३ ग्रॅमचा.

मैत्रीण सगळं ऐकत होती. तिने विचारलं, "पण काका, चौकार गेल्यावर चेंडू आणून कोण देतं?"

"बहुतेक वेळा ज्या खेळतायत त्याच," मी म्हटलं.

"म्हणजे चेंडू आणणाऱ्या मुली वेगळ्या नसतात?"

मला उत्तर सुचेना. कारण तिला हा प्रश्न का पडला ते मला माहीत होतं. ती माझ्याच शाळेत शिकते. दर शनिवारी आम्ही शाळेशेजारच्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळायचो. मुलगे फलंदाजी आणि गोलंदाजी करायचे, मुली गोदामाच्या भिंतीजवळ उभ्या राहायच्या. चेंडू भिंतीकडे गेला की त्या धावत जाऊन आणून द्यायच्या. हे मी ठरवलं नव्हतं. पण थांबवलंही नव्हतं. मुलींनी बॅट मागितली नाही, असं मी स्वतःला सांगत होतो.

तेवढ्यात शेजारून बायको म्हणाली, "मीपण शाळेत असताना चेंडूच आणून द्यायचे. सहावीत एकदा बॅट मागितली, तर मास्तर म्हणाले, तू जा, लंगडी खेळ. मग परत कधी मागितली नाही."

आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तिला बॅट हवी होती हे मला त्या दिवशी कळलं. ती हसत हसत सांगत होती, पण नजर मैदानावरून हलली नव्हती. आणि माझ्या मनात येत होतं, की माझ्या वर्गातली एखादी मुलगीही वीस वर्षांनी कोणाच्या तरी शेजारी बसून असंच सांगेल आणि त्यातले मास्तर मी असेन.

शाळेत परत आल्यावर

होळीनंतरच्या शनिवारी मी नियम बदलला. प्रत्येकाला सहा चेंडू फलंदाजी आणि सहा चेंडू गोलंदाजी, मग तो मुलगा असो की मुलगी. आणि ज्याने मारला त्यानेच चेंडू आणायचा.

पहिला दिवस काही छान गेला नाही, खरं सांगतो. तीन-चार मुलगे रुसून निघून गेले. बऱ्याच मुली "नको सर" म्हणून मागे सरकल्या. एक मुलगी पुढे आली, तर तिचे सहाच्या सहा चेंडू हुकले आणि सगळे हसले. मला वाटलं, ही आता परत बॅटला हात लावणार नाही. तिने बॅट खाली ठेवली, माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, अजून सहा टाका ना." मी टाकले. त्यातला एक लागला. नियमाप्रमाणे चेंडू आणायला तीच भिंतीपर्यंत पळाली, पण या वेळी स्वतः मारलेला चेंडू आणायला.

एका पालकांनी नंतर विचारलं, "सर, मुलींना उन्हात कशाला खेळवता?" मी म्हटलं, "दादा, चेंडू आणून द्यायला त्या उन्हातच उभ्या असायच्या." ते थोडा वेळ थांबले, "बरोबर आहे" म्हणाले आणि गेले.

मुलींमधून मोठी क्रिकेटपटू तयार झाली, असं काही मी तुम्हाला सांगणार नाही. तसं झालेलं नाही. पण आता शनिवारी खेळणाऱ्यांची नावं लिहिताना मुलींची नावं आपोआप येतात, मला विचारावं लागत नाही. बायकोनेही एका सुट्टीत सोसायटीच्या आवारात मुलीला गोलंदाजी टाकून दाखवली. चेंडू चांगला वळतो तिचा!

आणि मित्रांनो, २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र तुम्हाला आठवत असेलच. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदाच विश्वचषक जिंकला. शफालीने ८७ धावा केल्या. त्याआधी ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना जेमिमाने नाबाद १२७ धावा काढल्या होत्या. शफाली, जेमिमा आणि स्मृती. ब्रेबॉर्नवर आम्ही ज्यांना एकमेकींविरुद्ध खेळताना पाहिलं, त्या आता एकाच संघात होत्या. आम्ही घरी टीव्हीसमोर जागत बसलो होतो. कॅमेरा खेळपट्टी दाखवत होता आणि आमची मुलगी म्हणत होती, "पप्पा, क्षेत्ररक्षक कुठे उभ्या आहेत ते दाखवतच नाहीत!"

तेव्हा पालकांना एकच विनंती. जमेल तेव्हा मुलांना, विशेषतः मुलींना, एखादा सामना मैदानावर जाऊन दाखवा. मोठाच सामना हवा असं नाही. तालुक्यातला कबड्डीचा चालेल, जवळच्या मैदानावरचा खो-खोचा चालेल. आणि शिक्षक बंधू-भगिनींना विनंती. पुढच्या खेळाच्या तासाला फक्त एवढंच बघा, तुमच्या मैदानावर चेंडू आणून कोण देतं?

स्वाध्याय

१. व्यावसायिक स्पर्धा म्हणजे काय ते तुमच्या शब्दांत सांगा.

२. मारिझान कापने १७ चेंडूंत ३९ धावा केल्या. त्याच वेगाने ती ३४ चेंडू खेळली असती तर किती धावा झाल्या असत्या?

३. एक प्रेक्षक खेळपट्टीपासून १७० मीटर लांब आहे. बॅटचा आवाज त्याला किती वेळाने ऐकू येईल? (आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा.)

४. क्रिकेट आणि बेसबॉल यांत प्रेक्षकांमध्ये गेलेल्या चेंडूचं काय होतं? फरक लिहा.

५. करून पाहा : तुमच्या शाळेच्या मैदानावर एक तास बसा. कोणाला किती वेळ खेळायला मिळतं आणि कोण नुसतं उभं राहतं, याचा तक्ता तयार करा. तो वर्गात वाचून दाखवा आणि त्यावर चर्चा करा.

६. घरातल्या आई, आजी किंवा मावशीला विचारा : "लहानपणी तुला कोणता खेळ खेळायचा होता?" मिळालेलं उत्तर दहा ओळींत लिहा.